विश्लेषण : गाठ विरघळली, तरी लिम्फोमाची केमोथेरपी का थांबवायची नाही?
लिम्फोमा म्हणजे लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग. मानेत, काखेत किंवा जांघेत न दुखणारी गाठ हे त्याचे नेहमीचे लक्षण. केमोथेरपी सुरू झाली की अनेकांची गाठ पहिल्या एक-दोन सायकलमध्येच लहान होते. मग घरात प्रश्न निघतो : बरे वाटतेय, तर पुढचे डोस कशाला?

‘आर-चॉप’मध्ये काय असते?

‘डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमा’ या वेगाने वाढणाऱ्या प्रकारात ‘आर-चॉप’ ही पाच औषधे एकत्र देतात.

• रिटुक्सिमॅब : ही केमो नव्हे, अँटिबॉडी. बी-पेशींवरील ‘सीडी20’ प्रथिनाला चिकटते.
• सायक्लोफॉस्फामाइड : पेशीच्या डीएनएचे धागे एकमेकांना जखडते. मूत्राशयाला त्रास होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायला सांगतात.
• डॉक्सोरुबिसिन : लाल रंगाचे औषध. ते डीएनएची नक्कल रोखते. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी टूडी इको.
• विन्क्रिस्टिन : मूळ सदाफुलीत सापडलेले. पेशीचे विभाजन थांबवते. बोटांना मुंग्या, बद्धकोष्ठता होऊ शकते.
• प्रेडनिसोलोन : स्टेरॉइडच्या गोळ्या.

प्रत्येक औषधाचा वार वेगळा. एकाला दाद न देणारी पेशी दुसऱ्याच्या तावडीत सापडते.

21 दिवसांचेच अंतर का?

प्रत्येक सायकलमध्ये कर्करोगाच्या काही पेशी मरतात, सगळ्या नाही. मधल्या दिवसांत अस्थिमज्जा सावरते. फार उशीर केला, तर उरलेल्या पेशीही सावरतात. म्हणूनच साधारण 6 सायकल देतात. नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. हाताला न लागणारी गाठ म्हणजे संपलेला आजार नव्हे.

काय टाळायचे?

ताप 100.4 अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, तर गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. पांढऱ्या पेशी घटल्याने साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. थेट रुग्णालय गाठावे.

सदाफुलीच्या पानांचा रस हा पर्याय नाही. पानांत औषधी घटक अत्यल्प असतो, त्याचे प्रमाण ठरलेले नसते आणि वनस्पती विषारी आहे.

त्रास असह्य झाल्यास डोस कमी करता येतो, तारीख पुढे ढकलता येते. पण तो निर्णय डॉक्टरांसोबत व्हावा. रुग्णालयांनीही पहिल्याच दिवशी सायकलच्या तारखा आणि रात्री-अपरात्री संपर्काचा क्रमांक लिहून द्यायला हवा. मधेच सुटणारे अनेक उपचार तेवढ्याने सावरतील.