एका छताखालचं एक वर्ष

धर्माधर्मांत संवाद व्हावा म्हणून आपल्याकडे बरंच काही होतं. रमजानमध्ये इफ्तार पार्टी होते, ईदला शीरखुर्म्याचं आणि दिवाळीला फराळाचं आमंत्रण येतं, व्यासपीठावरून सद्भावनेची भाषणं होतात. हे सगळं चांगलंच आहे. पण दोन तासांच्या पाहुणचारात माणूस आपली चांगली बाजूच दाखवतो. माणूस खरा कळायला त्याच्यासोबत राहावं लागतं, भांडावंही लागतं. माझ्या भाचीच्या अनुभवावरून माझं हे मत पक्कं झालं आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा 'यस' नावाचा विद्यार्थी विनिमय कार्यक्रम ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर, २००२ मध्ये सुरू झाला. एडवर्ड केनेडी आणि रिचर्ड लुगर या दोन सिनेटरांची नावं त्याला आहेत. एक डेमोक्रॅट, दुसरे रिपब्लिकन. मुस्लिमांची संख्या लक्षणीय असलेल्या देशांतली शाळकरी मुलं एक शैक्षणिक वर्ष अमेरिकी कुटुंबात राहतात आणि तिथल्या शाळेत शिकतात. भारतातूनही मुलं जातात. ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला मोबदला मिळत नाही. अशा देवाणघेवाणीत जुनी असलेली एएफएस ही संस्था मुळात पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या स्वयंसेवकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ पासून तिने शाळकरी मुलांना परक्या घरांत पाठवायला सुरुवात केली. युद्ध जवळून पाहिलेल्या माणसांना हा मार्ग सुचला, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे.

भाची २०११ च्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकीजवळच्या एका गावी गेली, तेव्हा रमजान चालू होता. तिथला उन्हाळ्यातला रोजा आपल्यापेक्षा लांब, साडेपंधरा तासांच्या आसपास. त्या घरात तिच्याच वयाची मुलगी होती. पहिल्या आठवड्यात ती कुतूहलाने सहेरीला उठली, नंतर मात्र गजराच्या आवाजाने वैतागू लागली. पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून जिलेटिन कशात आहे ते शोधणं दोघी मिळून करायच्या. पलंगावर टाकलेल्या ओल्या टॉवेलवरून मात्र त्यांचं वर्षभर भांडण चाललं. भाची फोनवर तक्रारी सांगायची, तेव्हा माझी बहीण काळजीत पडायची. मला वाटतं, तो फोन ऐकून निश्चिंत व्हायला हवं होतं. पाहुण्याशी कोणी टॉवेलवरून भांडत नाही, बहिणीशी भांडतात.

गेल्या वर्षी कामानिमित्त भाची शिकागोला गेली आणि एका रविवारी दीड तासाची रेल्वे पकडून मिलवॉकीला पोहोचली. त्या मुलीला आता तीन वर्षांचा मुलगा आहे. 'खाला' हा शब्द तिने त्याला आधीच शिकवून ठेवला होता. न सांगता हलाल दुकानातून चिकन आणलं होतं. जेवताना ती म्हणाली, "२०१७ मध्ये सात मुस्लीमबहुल देशांवर प्रवासबंदी आली, तेव्हा आमच्या घरात याच टेबलावर मी काकांशी भांडले. ते मुस्लीम म्हणाले की त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची माणसं यायची. माझ्या डोळ्यांसमोर तुझा ओला टॉवेल यायचा."

काकांचं मत बदललं का? नाही. बंदीही त्या भांडणामुळे उठली नाही. शिवाय, हा कार्यक्रम म्हणजे अमेरिकेने आपली प्रतिमा सुधारण्यासाठी केलेला खर्च आहे, असं माझे मित्र म्हणतात. ते खरंच आहे. २००३ मध्ये इराकवर बॉम्ब टाकणारं सरकार तेच होतं. पण सरकारचा हेतू काहीही असो, पहाटे चारला टोस्ट भाजून देणाऱ्या बाईला त्या हेतूशी काय देणंघेणं? आपल्या गैरहजेरीत आपली बाजू घेणारं एक माणूस परक्या समाजात तयार होणं ही छोटी गोष्ट नाही. भाषणांतून असं माणूस तयार होताना मी तरी पाहिलेलं नाही.

आता आपल्याकडे पाहू. हीच भाची नोकरीसाठी पुण्यात घर शोधत होती. एका घरमालकांनी फ्लॅट दाखवला, भाडं ठरलं आणि नाव ऐकल्यावर "घरी विचारून सांगतो" म्हणाले. फोन आला नाही. तेरा हजार किलोमीटरवरच्या कुटुंबाने फुकट खोली दिली. इथे भाडं देऊनही मिळाली नाही. मात्र हा प्रश्न फक्त घरमालकांना विचारून भागणार नाही. किती मुस्लीम घरं एखाद्या ब्राह्मण किंवा बौद्ध मुलाला वर्षभर ठेवून घेतील? त्याच्यासाठी वेगळा तवा ठेवतील, त्याच्या देव्हाऱ्याला कोपरा देतील? आणि आपल्या मुलीला तशा घरात पाठवतील?

वर्षभर नको, एका सत्रापासून सुरुवात करू. मालेगावची मुलगी साताऱ्याच्या घरात राहील, साताऱ्याचा मुलगा मालेगावात. यासाठी व्हिसा लागत नाही, एसटीचं तिकीट पुरतं. कुटुंबांची नीट पडताळणी हवी, पालकांचा एकमेकांशी बोलण्याचा रिवाज हवा, मुलाला कधीही परत येण्याची मोकळीक हवी. शिक्षक, शाळा आणि वाचनालयं मनावर घेतील तर दहा घरं मिळणं अशक्य नाही. सद्भावनेच्या कार्यक्रमांवर होणारा थोडा खर्च इकडे वळवावा. फळ दिसायला दहा-बारा वर्षं लागतील, तेवढा धीर मात्र धरावा लागेल.