पाने एकदम घ्यावीत

दिवाळी अंकातल्या सदराने चकलीवर लिहावे असा एक संकेत आहे. चकली तेलात का विरघळते आणि अनारशाला जाळी का पडत नाही, हे प्रश्न दरवर्षी या दिवसांत विचारले जातात आणि त्यांची उत्तरेही दरवर्षी तीच असतात. म्हणून यंदा फराळाचे डबे जरा बाजूला सारतो आणि आपल्या पंगतीशी वरकरणी काहीच नाते नसलेल्या एका जेवणाविषयी लिहितो. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलाबाळांच्या घरी शनिवारच्या रात्री अधूनमधून होणारे हे जेवण. तिखट, दाट, सायीच्या रसात घोळवलेला पास्ता आणि त्यावर स्टेकचे, म्हणजे तव्यावर भाजलेल्या मांसाचे काप.

मांसाचे नाव ऐकताच ज्यांनी पान उलटण्यासाठी बोट ओले केले असेल, त्यांनी क्षणभर थांबावे. त्यांच्या ताटाचीही सोय पुढे केली आहे.

हा पदार्थ मूळचा कुठला, असे इटलीतल्या माणसाला विचारले तर तो बहुधा कानांवर हात ठेवील. रोममध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी आल्फ्रेदो दी लेलिओ नावाचा एक खाणावळवाला पास्त्यात नुसते लोणी आणि चीज घालून तो वाढत असे. साय त्यात नव्हती. १९२० साली मेरी पिकफर्ड आणि डग्लस फेअरबँक्स हे हॉलिवुडचे नवपरिणीत जोडपे तिथे जेवून गेले, आणि पदार्थाचे नाव अमेरिकेत पोचले. अमेरिकेने त्यात साय ओतली. पुढे लुइझियाना प्रांतातला तिखट मसाला आला आणि त्या देशाला सर्वात प्रिय असलेले मांसही येऊन बसले. मिरची मात्र मूळची अमेरिका खंडातलीच. पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती आपल्या पश्चिम किनाऱ्याला उतरली आणि आपण तिला इतकी आपली म्हटली की आता ती परकी होती हे सांगूनही पटत नाही. पास्त्याचेही तेच. तो ज्या कडक, पिवळसर डुरम गव्हाचा करतात त्याच जातीचा आपला बन्सी गहू, आणि उन्हाळ्यात खाटेवर वाळणाऱ्या शेवया ही त्याची दूरची भावंडे.

मांसाविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत स्टेक म्हटले की ते गोमांसच असते. महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीला १९७६ च्या कायद्याने बंदी आहे आणि २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्या बंदीत आले. म्हैस त्या बंदीत नाही. तेव्हा इथे कोणी हे करून पाहणार असेल तर त्याला म्हशीच्या मांसाचा मऊ तुकडा घ्यावा लागेल. ज्याला हे नको असेल त्याने कोंबडी घ्यावी, पण ती आतपर्यंत पुरती शिजवावी.

आता कृतीकडे वळू. चार माणसांना साडेतीनशे ग्रॅम पास्ता आणि सुमारे सहाशे ग्रॅम मांस पुरे होते. मांसाचे तुकडे इंचभर जाड असावेत. सर्वात आधी मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी उकळत ठेवावे, कारण त्यालाच सर्वात जास्त वेळ लागतो आणि नवशिके नेमके तेच शेवटी ठेवतात. पाणी तापते तोवर मांस स्वच्छ फडक्याने टिपून अगदी कोरडे करावे. ओले मांस भाजत नाही, ते उकडते. मीठ-मिरपूड लावून ते कडक तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाकावे आणि प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे अजिबात न डिवचता राहू द्यावे. धूर होईल. अमेरिकेतल्या घरांत छताला धुराची घंटा बसवलेली असते, तिलाही आपल्या स्वयंपाकाची वार्ता कळेल. खिडकी आधीच उघडावी.

असे कडक भाजल्याने मांसाचा रस आत कोंडला जातो, असे १८४७ साली लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने मांडले आणि ते पुढे शंभर वर्षे पाकपुस्तकांतून फिरत राहिले. ते खरे नाही. रस निघायचा तो निघतोच. तव्यावरचे चुरचुरणे हा त्याचाच आवाज. भाजण्याचा खरा लाभ रंगाचा आणि वासाचा. प्रथिने आणि साखर तापून एकमेकांत मिसळली की तो खमंगपणा जन्माला येतो. ही क्रिया मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली वर्णन केली. मिरचीचा तिखटपणा मोजण्याची रीत स्कोव्हिल या अमेरिकन औषधतज्ज्ञाने काढली तीही १९१२ सालीच. एका वर्षात खमंग आणि तिखट दोन्ही मार्गी लागले!

मांस आत किती शिजवावे, हा ज्याच्या त्याच्या जिभेचा प्रश्न. अमेरिकेचे शेतकी खाते अखंड तुकड्यासाठी आतले तपमान ६३ अंश सेल्सियस आणि त्यानंतर तीन मिनिटे विसावा सांगते. घरात लहान मुले किंवा वडीलधारी मंडळी असली तर तेच धरावे. तुकडे ताटलीत काढून आठ-दहा मिनिटे झाकून ठेवावेत. लगेच कापले तर रस ताटलीत वाहतो, थोडे थांबले तर बराचसा मांसातच राहतो. कापताना धाग्यांना आडवे कापावे.

तव्याच्या तळाला आता जे काही चिकटले आहे ते घासून टाकायला उठाल तर सगळे घालवाल. आपल्याकडे दूध आटवल्यावर पातेल्याच्या तळाची खरवड कोणी खायची यावरून भावंडांत तंटे होत. ही तशीच खरवड आहे आणि साऱ्या पदार्थाचा जीव तिच्यात आहे. आच मंद करून तिच्यावर दोन चमचे लोणी, पाच-सहा पाकळ्या ठेचलेला लसूण आणि एक ते दीड लहान चमचा कुटलेली लाल मिरची घालावी. मिरची या वेळीच का? तर तिचा तिखटपणा पाण्यात नीट उतरत नाही, स्निग्धात उतरतो. आपली फोडणी हेच शतकानुशतके करीत आली आहे. लसूण जळण्यापूर्वी पास्त्याच्या पातेल्यातले पळीभर पाणी तव्यात घालून लाकडी उलथन्याने खरवड सोडवावी.

मग साय. चार माणसांना पाव लिटर. अमेरिकेतल्या दाट सायीत स्निग्धांश छत्तीस टक्के किंवा त्याहून अधिक असतो. ती खुशाल उकळावी. आपल्याकडे खोक्यातून मिळणारी साय बहुधा पंचवीस टक्क्यांची असते. ती जोरात उकळली की फाटण्याची भीती, म्हणून ती शेवटी आणि मंद आचेवर घालावी. चीज बारीक किसून, तेही आच बंद केल्यावर घालावे. उकळत्या रसात टाकलेल्या चीजच्या तारा होतात आणि मग त्या तारा पंगतभर लांबतात.

पास्त्याच्या पाण्यात दर लिटरला सपाट दीड-दोन लहान चमचे मीठ घालावे. ते पुष्कळ वाटेल, पण पास्त्याला बाहेरून मीठ लागत नाही. पाकिटावर सांगितलेल्या वेळेच्या मिनिट-दोन मिनिटे आधीच तो काढावा आणि थेट रसात टाकावा. शिजवलेले पाणी मात्र सगळे ओतून देऊ नये. पास्त्यातला स्टार्च त्यात उतरलेला असतो, आणि तेच गढूळ पाणी लोणी, साय आणि पाणी यांना एकमेकांपासून फुटू देत नाही. याला मराठीत 'मिळून येणे' असा सुरेख शब्दप्रयोग आहे. आमटी मिळून आली म्हणतात, कढी मिळून आली म्हणतात. परदेशी पाकपुस्तके इथे रसायनशास्त्राचा एक जड शब्द वापरतात. आमच्या आजीला तो शब्द ठाऊक नव्हता, पण आमटी मिळून आली नाही तर ती लगेच ओळखत असे.

न खाणाऱ्यांसाठी वेगळा तवा आधीच मांडावा. अळिंबी जाड चिरून, कोरडी करून, त्यात तशीच कडक भाजली तर तिचीही खरवड धरते आणि पुढची कृती तीच. फक्त चीज पाहून घ्यावे. इटलीतल्या अस्सल पार्मेजानला वासराच्या जठरातले रेनेट लागते, आणि ही गोष्ट पुष्कळ शाकाहारी घरांना ठाऊक नसते. वनस्पतिजन्य रेनेटचे चीज मिळते, तेच आणावे.

इतके झाले की घाई सुरू होते, आणि इथेच या पदार्थाचे आपल्या रीतीशी भांडण लागते. मागच्या उन्हाळ्यात माझी थोरली बहीण आणि मी न्यू जर्सीला भाचीकडे राहायला गेलो होतो. भाचीने टेबलावर पाच ताटल्या मांडल्या. ताई ओट्यापाशी पळी घेऊन उभी राहिली.

"तुम्ही बसा. मी गरम गरम वाढते. मी मागाहून बसेन."

"आई, ह्याचं मागाहून नसतं. दहा मिनिटांत त्याचा गोळा होतो."

"मग माझा होऊ दे गोळा."

भाची यावर काही बोलली नाही. तिने आईची ताटली घेतली, तिच्यात अळिंबीचा पास्ता सर्वांच्या आधी वाढला आणि ती तिच्या खुर्चीपुढे ठेवली. आता वाढलेले पान गार होत होते, आणि पान गार करणे हा ताईच्या लेखी कोणाहीमागून जेवण्यापेक्षा मोठा गुन्हा. ती बसली. पहिल्या घासानंतर म्हणाली, "गरम आहे गं." ती तक्रार नव्हती.

मी बराच वेळ त्या वाक्याचा विचार करीत होतो. ताईने चाळीस वर्षे फुलके केले. तव्यावरून उतरलेला फुललेला फुलका दुसऱ्याच्या ताटात पडेपर्यंत तिचे स्वतःचे जेवण निवत असे. आपण याला रूढी म्हणतो, संस्कार म्हणतो, कोणी त्यावर भाषणही देतो. पण थोडा दोष फुलक्याचाही आहे. तो एकेकटा शिजतो, एकेकटा फुगतो आणि लगेच खावा लागतो. तेव्हा तो गरम खायचा तर कोणीतरी चुलीपाशी उभे राहणे ओघानेच आले. ते कोणीतरी दर वेळी तीच एक व्यक्ती का, हे मात्र फुलक्याने ठरवलेले नाही. पास्त्याची तऱ्हा उलटी. तो सगळा एका भांड्यात एकाच क्षणी तयार होतो आणि कोणासाठीही थांबत नाही. मांस निवते, रस घट्ट होत जातो, पास्ता उरलेले पाणी शोषून घेतो. करणारीने सर्वांबरोबर बसले नाही तर तिच्या वाट्याला काही खाण्याजोगे उरतच नाही. याचा अर्थ इटलीतल्या किंवा अमेरिकेतल्या बायका चुलीपासून सुटल्या असा कोणी काढू नये. पाणी उकळत ठेवण्यापासून भांडी विसळण्यापर्यंतचे काम तिथेही बहुतेक घरांत त्यांच्याच गळ्यात पडत आले आहे. पण जेवणाची ती वीस मिनिटे तरी त्यांच्या वाट्याला येतात.

त्या रात्री ताई दोनदा उठली. एकदा मीठ आणायला, ते टेबलावरच होते. आणि एकदा पाणी आणायला, तेही होते. जावयाने दोन्ही वेळा काही न बोलता भांडे तिच्याकडे सरकवले. तिसऱ्यांदा ती उठली नाही. उलट भाचीला म्हणाली, "लसूण अजून चालला असता." हे मात्र बरोबर होते, म्हणून वर पाच-सहा पाकळ्या सांगितल्या आहेत. भाचीने तीन घातल्या होत्या.

वाढताना आधी पास्ता, त्यावर मांसाचे काप, त्यावर ताटलीत साचलेला रस आणि लिंबाचे चार थेंब. लिंबू आधी पिळू नये. कोथिंबीर घालावी की नाही यावर मी मत देत नाही. तिथे परदेशी अजमोद्याची पाने घालतात.

उरलेच तर दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे, मांस वेगळे आणि पास्ता वेगळा. दुसऱ्या दिवशी पास्त्यात थोडे दूध घालून तो मंद आचेवर सोडवावा. पहिल्या दिवसाची चव येत नाही, पण डब्यात न्यायला चालतो. मांस पुन्हा तापवले तर चामडे होते. ते पातळ कापून पावात घालून थंडच खावे.

भांडी दोनच होतात, एक पातेले आणि एक तवा. शाकाहारी पाहुणा असला तर तीन. बिडाचा तवा साबणाच्या पाण्यात भिजत ठेवू नये. गरम असतानाच पुसून त्याला तेलाचे बोट लावावे. न्यू जर्सीत त्या रात्री हे काम जावयाने केले, आणि ताई खुर्चीवरून त्याला सूचना देत होती.