इंग्रजी पावतीचा खटला



१९७६ साली कॅनडातल्या विनिपेग शहरात, सेंट बोनिफेस या फ्रेंच वस्तीत, जॉर्ज फोरेस्ट यांच्या हाती पार्किंगच्या दंडाची पावती पडली. पावती फक्त इंग्रजीत होती. दंड भरला असता तर विषय मिटला असता. फोरेस्ट कोर्टात गेले. मॅनिटोबा प्रांत १८७० साली जन्माला आला तोच विधिमंडळात आणि न्यायालयात इंग्रजी व फ्रेंच दोन्ही चालतील या हमीवर. १८९० मध्ये इंग्रजी बहुमताने कायदा करून ती हमी मोडली. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये तो कायदा रद्द ठरवला. १९८५ मध्ये तर केवळ इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळेच कायदे अवैध ठरले. अनागोंदी माजू नये म्हणून फ्रेंच भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते चालू ठेवले, एवढेच.

मधल्या काळात भाषा तगवली ती शिक्षकांनी आणि आईबापांनी. १९१६ मध्ये द्विभाषिक शाळा बंद झाल्यावरही वर्गात फ्रेंच शिकवले जाई. तपासनीस आला की मुले फ्रेंच पुस्तके लपवत, तो गेला की पुन्हा काढत. १९६९च्या राजभाषा कायद्याने केंद्राच्या कचेऱ्यांत दोन्ही भाषा आल्या. पण कचेरीतल्या पाटीने घरातले मूल भाषा बोलू लागत नाही. कॅनडाच्या घटनेतल्या १९८२च्या हक्कपत्राने अल्पसंख्य भाषकांना आपल्या भाषेतल्या शाळेचा हक्क दिला आणि १९९० मध्ये न्यायालयाने पुरेशी संख्या असेल तिथे शाळेचा कारभारही पालकांकडे सोपवला. देशाच्या भाषाधोरणातले सर्वांत मोलाचे पाऊल आम्ही यालाच मानतो.

मात्र क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट अशा मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी देशाचा कायदा व्हायला २०१९ साल उजाडले. तोवर त्यांच्या मुलांसाठीच्या निवासी शाळांत मायबोली बोलल्याबद्दल कित्येक पिढ्यांनी मार खाल्ला होता. ही जखम इंग्रजी-फ्रेंच समेटाने भरत नाही.

आता आपल्याकडे पाहू. बेळगावचा मराठी माणूस सरकारी कागद मराठीत मागतो तेव्हा आपण त्याच्या पाठीशी उभे राहतो, राहायलाच हवे. मग मेळघाटातले कोरकू मूल पहिलीत अनोळखी मराठी ऐकून गप्प बसते, तेव्हा आपण कुठे असतो? भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे घटनेचे कलम ३५० (अ) १९५६ पासून सांगते. त्यासाठी भाषा आठव्या परिशिष्टात असण्याची अट नाही. २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद आम्हालाही आहे. त्या मानाबरोबर ही जबाबदारीही राज्याने उचलली पाहिजे.

आमच्या वाचकांत शिक्षक आहेत, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सदस्य आहेत. आपल्या शाळेत गोंडी, कोरकू, कोलामी बोलणारी मुले असतील, तर त्यांच्या भाषेतला शिक्षक आणि पुस्तक लेखी मागा. उत्तर येईपर्यंत मागत राहा.



— संपादक