पपईच्या पानाचा एकदाचा निकाल लावा

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय विषाणू संस्था, पुणे



पावसाळा लागला की आमच्या सोसायटीतल्या पपईला पान टिकत नाही. कुणाला डेंगी निघाला की पानं मिक्सरमधून काढायची, फडक्यातून पिळायची, नाक दाबून तो कडूजहर रस घ्यायचा. नातेवाइकांच्या फोनवर प्रश्न एकच : ‘प्लेटलेट किती?’ दोन-चार दिवसांत आकडा चढतो आणि श्रेय पपईला मिळतं. ताप उतरल्यावर प्लेटलेट बहुधा आपणहून वर येतात आणि खरा धोका रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा असतो, हे त्या धांदलीत ऐकतंय कोण?

तरी झाडपाल्याला हसण्याचं कारण नाही. डेंगीच्या विषाणूकडे स्वतःची अवघी दहा प्रथिनं असतात. बाकीचा संसार आमच्या पेशीच्या जिवावर. म्हणून संशोधकांनी विषाणूला सोडून पेशीतली त्याची रसद तोडायचं ठरवलं. ऑस्ट्रेलियातल्या मोरेटन बे चेस्टनट या झाडाच्या बियांत कॅस्टॅनोस्पर्मिन असतं. विषाणूच्या प्रथिनांवरच्या साखरेच्या साखळ्या छाटणारं आपल्या पेशीतलं विकर ते अडवतं. मग त्या प्रथिनांची घडी नीट बसत नाही. विषाणू रूप बदलेल, पण विकर आपलं, ते तो कसं बदलणार? अर्थात याच कारणाने अशा औषधाचा मार आपल्या पेशींनाही बसू शकतो.

या पदार्थापासून सेल्गोसिव्हिर हे औषध तयार झालं. त्याने डेंगी झालेले उंदीर वाचवले. सिंगापूरमध्ये २०१२-१३ साली ५० रुग्णांवर चाचणी झाली : औषध निर्धोक ठरलं, पण ना विषाणू लक्षणीय घटले, ना ताप. व्हिएतनाममध्ये लोव्हास्टॅटिनही, म्हणजे मुळात बुरशीतून मिळालेलं औषध, असंच निष्प्रभ ठरलं. दोन्हीकडच्या लोकांनी हे अपयश रीतसर छापलं. मला हेवा वाटतो तो याचाच. आपल्याकडे ‘गुण येतो’ एवढंच कानावर येतं. ‘येत नाही’ हे सांगायला कुणी पुढे होत नाही.

तुमच्या संस्थेचा अधिकार मोठा आहे. १९५२ पासून तुम्ही पुण्यात आहात. १९७३ मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरमध्ये झिका सापडला. डेंगीच्याच डासावाटे पसरणारे हे विषाणू आमच्या जिल्ह्यांत येऊन गेलेले आहेत. आणि झाडपाल्याचं म्हणाल, तर पहाडवेलीचा अर्क डेंगीच्या चारही प्रकारांना पेशींत रोखतो, हे दिल्लीच्या संशोधकांनी दाखवलं आहे. मग लोक जे खरोखर पोटात घेतात, ती पपई आणि गुळवेल यांची तपासणी पुण्यात का होऊ नये? अर्क काम करतो तो विषाणूवर की पेशीवर? पेशीला इजा किती मात्रेला होते? आणि विषाणू रक्तात भरपूर असतो त्या पहिल्या दिवसांतच दिला, तर फरक पडतो का? रुग्ण दवाखान्यात पोचेपर्यंत बरेचदा ही वेळ निघून गेलेली असते, म्हणून हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

रुग्णांवरच्या चाचण्या तुमच्या एकट्याच्या हातात नाहीत, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेला सोबत घ्यावं लागेल, याची कल्पना आहे. पण निकाल काहीही लागो, तो एका पानावर, सोप्या मराठीत छापा आणि पावसाळ्याआधी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात लावा. पपई नापास झाली, तर तसं ठळक अक्षरांत लिहा.

आपला,
एक पुणेकर