आधी वाचा, मग रंगवा

जुनी गाडी घेतली की पहिली घाई रंगाची असते. पण डेंटर-पेंटर गाठण्याआधी एक काम आहे, वाचण्याचे. शिक्षक म्हणून हा वाचण्याच्या मागे लागतो असे कुणी म्हणेल. इथे मात्र न वाचण्याची किंमत लाखांत जाते.

चॅसिसवर ठोकलेला नंबर, इंजिनावरचा नंबर आणि आरसी बुकातले नंबर जुळायला हवेत. आरटीओत नंबरावर कागद धरून पेन्सिल घासतात आणि ठसा घेतात. हे घरीही करता येते. एखादा आकडा वेगळ्या वळणाचा दिसला, भोवती घासल्याची खूण असली, तर तिथेच थांबावे. गाडी चोरीची तर नाही, हे एनसीआरबीच्या ‘वाहन समन्वय’वर पाहता येते. नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळ्यापासून वेगळा झाला, एमएच 39 त्यानंतरचा. म्हणून 1970 सालच्या गाडीची पहिली नोंद ज्या गावची, तिथल्याच दप्तरात विचारावे लागते.

एमजी किंवा जग्वारसारखी स्पोर्ट्स कार असेल तर आणखी एक सोय आहे. जग्वारचा हेरिटेज ट्रस्ट आणि इंग्लंडात गेडन इथले ब्रिटिश मोटर म्युझियम कारखान्याच्या जुन्या नोंदींवरून प्रमाणपत्र देतात. आज लाल दिसणारी गाडी मुळात कोणत्या रंगाची होती, इंजिन तेच आहे का, हे त्यातून कळते.

मूळपणाला आता कायद्यातही किंमत आहे. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेली आणि चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून जिच्यात डिझेल इंजिन बसवले, ती या मोजपट्टीत बसणे अवघड.

माझा खरा मुद्दा पुढेच आहे. आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले शाळा सोडून गॅरेजात उस्तादाच्या हाताखाली जातात. पत्रा ठोकून सरळ करण्याचा, कान लावून इंजिनाचे दुखणे ओळखण्याचा हुनर त्यांच्या हातात आहे. पण नंबर वाचणे, उघडण्याआधी फोटो काढणे, प्रत्येक बोल्ट डबीत नाव लिहून ठेवणे, काढलेला मूळ भाग भंगारात न टाकणे, केलेल्या कामाची वही ठेवणे, हे त्यांना कुणी शिकवत नाही. मग काम त्यांचे, आणि मोल मात्र कागद सांभाळणाऱ्याचे. वाचता येणारा मिस्त्री हा मजूर राहत नाही, जाणकार होतो.

आणि सचोटीचे काय? कोरड्या धान्याखाली ओले धान्य लपवणाऱ्या व्यापाऱ्याला पैगंबरांनी टोकले, ते ओले वर ठेव म्हणजे लोकांना दिसेल, हा प्रसंग आपण खुतब्यांत ऐकतो. गंजलेल्या पत्र्यावर पुट्टी थापून वर चकाकता रंग मारणे याहून वेगळे नाही. साधे लोहचुंबक लावले तरी ती पुट्टी पकडली जाते.

म्हणून गॅरेजवाल्या भावांना विनंती: शागीर्दाच्या हाती पान्यासोबत वही-पेन्सिलही द्या. आणि गाडी घेणाऱ्यांनो, त्या वहीचेही पैसे द्या.