उसाची रिकव्हरी मोजता, माणसाची कोण मोजणार?

आपला जिल्हा साखरेचा. 1950 च्या सुमारास प्रवरानगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, तेव्हापासून उसाची रिकव्हरी आपण दशांशापर्यंत मोजतो. पण लकवा झालेल्या माणसाची रिकव्हरी? ती देवावर सोडलेली.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला की आपल्याकडं पहिलं वाक्य ठरलेलं : "अशक्तपणा असंल, एक सलाईन लावा." बाटली ग्लुकोजची की साधी, हे कोण विचारतो? इकडं मेंदूतली रक्तवाहिनी तुंबलेली, आजूबाजूच्या पेशी कशाबशा तग धरून असतात. वाढलेली साखर त्यांचं नुकसान आणखी वाढवते. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी साखर बघावीच लागते, कारण साखर फार उतरली तरी माणूस लकव्यासारखाच दिसतो. बोटातला एक थेंब, काही सेकंदांचं काम.

दुसऱ्या टोकाचे शहाणेही आहेत. पेशंटचं खाणं बंद करायचं, गोळी दुप्पट करायची. अमेरिकेत 1151 रुग्णांवर केलेला अभ्यास 2019 मध्ये छापून आला. काहींची साखर 80 ते 130 मध्ये दाबून ठेवली, बाकीच्यांची 180 च्या खाली. तीन महिन्यांनी बरं होण्यात फरक शून्य. उलट दाबून ठेवलेल्यांपैकीच काहींची साखर धोकादायक उतरली. म्हणजे पुन्हा पुन्हा मोजायची आणि बेताची ठेवायची. त्याला नर्स लागते, पट्ट्या लागतात.

आणि आपल्याकडं काय मिळतं? साहेबांच्या वाढदिवसाचं महाआरोग्य शिबिर! रांगेत साखर तपासायची, चिठ्ठीवर आकडा लिहायचा, फोटो काढायचा. 280 निघालेल्या माणसाकडं नंतर कोणी फिरकत नाही. फ्लेक्सचा खर्च मात्र विचारू नका.

खरी लढाई डिस्चार्जनंतरची. मेंदू नव्यानं शिकतो तो जास्त करून पहिल्या काही महिन्यांत. तेव्हा रोज व्यायाम हवा, बीपी-साखर आटोक्यात हवी, नाहीतर दुसरा झटका ठरलेला. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, 14 तालुके. अकोल्याच्या डोंगरातल्या म्हातारीनं फिजिओथेरपीला नगरला यायचं का?

आमदारसाहेब, झेडपीवाले, सरळ विचारतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट कधी देणार? पीएचसीत साखरेच्या पट्ट्या बारा महिने का नसाव्यात?

मित्रांनो, तुमच्या तालुक्यात काय परिस्थिती आहे ते गावाच्या नावासकट कमेंटमध्ये लिहा. यादी घेऊन मी स्वतः जिल्हा शल्यचिकित्सकांकडं जाणार आहे.