विजापुरात मुलांना कुजबुजू द्या

ऐतिहासिक शहर दाखवायचं म्हणजे सनावळ्या ऐकवायच्या, असं आपण धरूनच चालतो. मग तिसऱ्या इमारतीपाशी पोरगं सावलीत बसकण मारतं आणि विचारतं, "हॉटेलवर कधी जायचं?" त्यात त्याचं काय चुकलं? त्याला तिथं करण्यासारखं आपण काही ठेवलेलंच नसतं.

म्हणून मला विजापूर आवडतं. सोलापूरहून शंभरेक किलोमीटर. शहाजीराजे ज्या आदिलशाही दरबारात सरदार होते आणि अफझलखान जिथून निघाला, ते हे गाव. चौथीचा इतिहास शिकलेल्या मुलाला ते नावानं आधीच ठाऊक असतं.

सुरुवात गोलघुमटानं करावी, आणि दार उघडताच आत शिरावं. महंमद आदिलशहाची ही कबर १६५६ च्या सुमारास उभी राहिली. पण हे सांगण्याची घाई नको. आधी मुलांना दालनाच्या मधोमध उभं करून वर बघायला लावा आणि खांब शोधायला सांगा. मधे एकही खांब नाही. मग एवढा घुमट कशावर उभा आहे? वहीत एक चौकोन काढायचा, त्यावर दुसरा तिरका ठेवायचा. आठ टोकांची चांदणी तयार होते. डोक्यावरच्या कमानी अशाच एकमेकींत गुंतल्या आहेत आणि घुमटाचा भार त्या भिंतींवर उतरवतात. स्वतःच्या हातानं काढलेली ही चांदणी मूल विसरत नाही.

कोपऱ्यातल्या मनोऱ्याचा जिना अरुंद आहे. मजले मुलांनाच मोजू द्या, चढण जाणवत नाही. वरच्या सज्जात आजोबांना एका बाजूला भिंतीशी बसवायचं आणि नातीला बरोब्बर समोर, जवळजवळ अडतीस मीटरवर. तिनं भिंतीकडे तोंड करून हळूच काही सांगायचं. गोल भिंतीला लगटून तो आवाज आजोबांच्या कानापर्यंत येतो. टाळी वाजवली तर ती पुन्हापुन्हा परत येते. दुर्दैव एवढंच, की सहलींचे जथे आले की सगळे नुसते किंचाळतात आणि कुणालाच काही ऐकू येत नाही. कुजबुजायची ही जागा आपण आरडाओरड्यानं वाया घालवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

तिथून टांगा करून मलिक-ए-मैदान तोफेकडे जावं. तिचं तोंड म्हणजे सिंहाचा उघडा जबडा, आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. तो हत्ती मुलांना शोधू द्या. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही तोफ सुमारे पंचावन्न टनांची आहे. ती परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून इथं आली. रस्ता कसा केला असेल, बुरुजावर चढवली कशी? मोठा हत्ती पाच टनांचा धरला तर असे किती हत्ती होतील, हा भागाकार त्यांनाच करू द्या. चुकीची उत्तरंही ऐकून घ्या.

उतरत्या उन्हात बारा कमान. दुसऱ्या अली आदिलशहाला गोलघुमटाहून भव्य कबर हवी होती. १६७२ मध्ये तो गेला आणि काम थांबलं ते थांबलंच. उघड्या कमानींमध्ये मुलांना मनसोक्त फिरू द्या.

एका दिवसाला एवढं पुरे. इब्राहिम रोजा ही तिसरी कबर दुसऱ्या दिवशी सकाळी. या दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल, तर यादीतली निम्मी ठिकाणं आत्ताच खोडून टाका.